पुढचं पत्र मुलीला लिहू द्या

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, ६८ टक्के. ‘जॉमेट्रिकली फ्रस्ट्रेटेड’ चुंबकीय पदार्थांतल्या स्पिनवर पीएच.डी. करायची म्हणते. विषयाच्या नावातच फ्रस्ट्रेशन! क्वांटम कॉम्प्युटरमुळे स्कोप आहे, असंही कोणी सांगतं. मी तिला बजावलंय, एका प्रयत्नात नेट निघाली तर बघू, नाहीतर बी.एड. कर आणि स्थळं बघायला घेऊ. योग्य मार्ग सांगावा. – एक पालक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र दोन पानी आहे. त्यात तुमची निवृत्ती आहे, घराचे हप्ते आहेत, भावकीतलं कोण कुठल्या कंपनीत लागलं तेही आहे. मुलीचं म्हणणं मात्र एकाच ओळीत आलंय: ‘जेवतानाही तेच, म्हणे कितीही थंड केलं तरी ते स्पिन थांबत नाहीत.’ तुम्ही ही ओळ तक्रार म्हणून लिहिलीत. पण आपल्या विषयाचा गाभाच ती ताटावर बसून तुम्हाला सांगत होती.

त्या ‘फ्रस्ट्रेशन’चा निराशेशी काही संबंध नाही. स्पिन म्हणजे अणूतली बारीक चुंबकसुई समजा. काही पदार्थांत शेजारच्या सुयांना एकमेकींच्या उलट तोंड करून राहायचं असतं. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ते जमतं. त्रिकोणावर दोघी उलट झाल्या की तिसरीने काय करायचं? एकीशी जमवावं तर दुसरीशी बिनसतं. आता असे असंख्य त्रिकोण कोपऱ्याला कोपरा लावून बांबूच्या टोपलीसारखे विणले, तर जी जाळी होते तिला टोपलीच्या विणीवरूनच ‘कागोमे’ हे जपानी नाव पडलंय. हर्बर्टस्मिथाइट या खनिजात तांब्याचे अणू तसेच बसलेले आहेत. केल्विन म्हणजे शक्य तितक्या थंड बिंदूपासून मोजलेलं तापमान. शेजाऱ्यांमधली ओढाताण २०० केल्विनच्या घरातली, म्हणजे त्याहून बरंच थंड केल्यावर सुया स्थिरावायला हव्यात; तरी म्युऑन या सूक्ष्म कणांनी केलेल्या प्रयोगांत ०.०५ केल्विनपर्यंतही हे स्पिन एका रचनेत स्थिरावलेले दिसले नाहीत. का, यावर अजून वाद चालू आहेत. तुमच्या मुलीला त्या वादात उतरायचंय.

क्वांटम कॉम्प्युटरच्या आशेने मात्र तिला पाठवू नका. स्पिनच्या अशा न स्थिरावणाऱ्या काही अवस्थांवर गणनयंत्र उभं करण्याची कल्पना आहे, चालतं यंत्र नाही.

६८ टक्क्यांची मला काळजी नाही. नेट-जेआरएफ, गेट, जेस्ट, टीआयएफआर या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा, पीएच.डी.ला जायच्या या वाटा तिला माहीत असणारच. जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता, म्हणजे तुमच्या निवृत्तीच्या पैशाला हात लागत नाही.

मला खुपते ती तुमची मुदत. नेट वर्षातून दोनदा होते. ‘एकच प्रयत्न, नाहीतर लग्न’ हा नियम परीक्षेचा नाही, तुमचा आहे. याच हर्बर्टस्मिथाइटची शुद्ध पूड प्रयोगशाळेत २००५ मध्ये तयार झाली; न्यूट्रॉनच्या प्रयोगाला पुरतील एवढे स्फटिक वाढवून त्यांची मोजमापं छापून यायला २०१२ उजाडलं. ज्या कामात अशी वर्षं जातात, त्याच्या उंबऱ्यावरच तुम्ही मुलीला घड्याळ दाखवताय. आणि बी.एड. ही शिक्षा म्हणून करायची गोष्ट नाही हो. मन मारून शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात पोरांचंही नुकसान होतं.

म्हणून मार्ग मी तुम्हाला सांगणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि तुम्ही न वाचता ते पाठवू द्या. भट्टीपाशी बसून नमुने तयार करायला आवडतं, की कागद-संगणकावरचं गणित? ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनचे प्रयोग होतात. तिथे किंवा परदेशातल्या म्युऑन केंद्रावर मिळालेल्या मोजक्या दिवसांत रात्रीचा दिवस करायची तयारी आहे का? कोणत्या मार्गदर्शकाचं काम तिने वाचलंय? एवढं तिने कळवावं. तिला मी सविस्तर उत्तर देईन.