क्रॉस स्टिचच्या मोठ्या चित्रात मोजणी सारखी चुकते, काय करावं?

280 टाके रुंद चित्र असेल, तर पहिला टाका घालण्याआधी सगळ्या कापडावर धावदोऱ्याने 10×10 चे चौकोन आखून घ्या. मग चूक त्या चौकोनातच सापडते आणि ओळीच्या ओळी उसवाव्या लागत नाहीत. छापील नमुन्यावर बहुधा दर दहा घरांनंतर जाड रेघ असतेच, तीच कापडावर उतरवायची. मी खानापूरला भरतकाम शिकवते. आपल्या भागातल्या कसुतीचा, म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या पारंपरिक भरतकामाचा, मेंथी टाका म्हणजे क्रॉस स्टिचच, आणि तिथेही सगळा भरवसा धागे मोजण्यावर. आखणीला साधा सुती दोरा मात्र नको. सुई त्यातून आरपार जाते, टाके त्यात अडकतात आणि शेवटी तो ओढून निघत नाही. बारीक नायलॉनचा दोरा सहज सरकतो.

कापड 14 काउंटचं, म्हणजे एका इंचात 14 टाके बसणारं असेल, तर चित्राची रुंदी 280 भागिले 14, म्हणजे 20 इंच. शिवाय चारी बाजूंना तीन-तीन इंच सोडा. सुरुवात मधोमध करा.

आकाश किंवा पार्श्वभूमी यांच्या लडी बेळगावला खडेबाजारात गेलात की एकदमच घ्या. नंबर तोच असला तरी रंगवण्याचा घाणा बदलला की छटा किंचित वेगळी येते, आणि मोठ्या सपाट भागात तो पट्टा लगेच डोळ्यात भरतो. आणि पावसाळ्यात सुई कापडात टोचून ठेवू नका, गंजाचा डाग सहसा निघत नाही.