जर्मलचं पातेलं आणि अणुभट्टीतलं इंधन

प्रश्न : आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचं जर्मलचं मोठं पातेलं होतं. नळाला पाणी कमी येतं म्हणून गेल्या वर्षापासून त्यात बोअरचं पाणी भरून मोरीत ठेवत होते. गणपतीच्या आधी घासायला घेतलं तर तळाला टाचणीएवढी भोकं. मुलगा म्हणतो, ट्रॉम्बेच्या संशोधन अणुभट्ट्यांत इंधनाला अ‍ॅल्युमिनियमचंच आवरण असतं आणि वापरून झालं की ते पाण्यात बुडवून ठेवतात. मग माझं पातेलं वर्षात गेलं, ते कसं टिकतं? की तेही जातं?
— एक गृहिणी, गोवंडी

उत्तर : ताई, ते शेवटचे तीन शब्द वाचूनच तुमचं पत्र गठ्ठ्यातून वर काढलं. हो, तेही जातं. पाणी बिघडलेलं असेल तर.

पातेलं अजून भंगारवाल्याला दिलं नसेल तर एक करा. भोकांच्या आसपास तांदळाच्या कणीएवढे पांढरे फोड दिसतील. त्यातला एक सेफ्टी पिनेने खरवडा. पांढरी भुकटी झडेल आणि खाली काळपट खड्डा निघेल. शेजारचा पत्रा मात्र धडधाकट. लोखंड गंजतं ते चारचौघांत, सगळ्यांना दिसतं. अ‍ॅल्युमिनियमला घूस लागल्यासारखं होतं, एकाच जागी खोल.

हवेत आल्याबरोबर या धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी काही नॅनोमीटर, पण चिवट. ओरखडा पडला तरी लगेच पुन्हा धरतो. याला खरा वैरी क्लोराइड, म्हणजे मिठातला तो अर्धा भाग. पापुद्र्यात कुठे कच्ची जागा सापडली की तिथून तो आत शिरतो. खड्ड्यातलं पाणी आंबट होतं, ते आणखी क्लोराइड ओढून घेतं, वर पांढऱ्या भुकटीचं झाकण बसतं. आत काय शिजतंय ते बाहेर कळत नाही.

माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. निवृत्तीनंतरही खिशात वाहकतेचा मीटर असतो, बायको चिडते. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते तो सांगतो; क्षार जास्त, तर आकडा जास्त. आमच्या चेंबूरच्या इमारतीतल्या बोअरच्या पाण्यात तो बुडवला तर आकडा हजार मायक्रोसिमेन्सच्या वर गेला. अणुइंधन ठेवायच्या तलावात हाच आकडा एकाच्या आसपास ठेवायचा असतो. क्लोराइड लिटरला एक दशांश मिलिग्रॅमच्या आत, आणि पाणी किंचित आम्लाकडे झुकलेलं चालतं, अल्कलीकडे नको. त्यासाठी तलावाचं पाणी क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या टाक्यांतून सतत फिरवत ठेवावं लागतं.

मग अ‍ॅल्युमिनियमच का? भट्टी पेटती ठेवणारे न्यूट्रॉन कण ते फारसे गिळत नाही, उष्णता पटकन सोडतं, आणि संशोधन भट्टीत तापमान फार चढत नाही म्हणून निभतं. ४ ऑगस्ट १९५६ला सुरू झालेल्या ट्रॉम्बेच्या अप्सरा या भट्टीत अ‍ॅल्युमिनियममध्ये मढवलेल्या इंधनाच्या पट्ट्या होत्या. १९६०ची सायरस आणि १९८५ची ध्रुव यांत युरेनियम धातूच्या कांड्या, वर अ‍ॅल्युमिनियम. तारापूरच्या वीजभट्ट्यांची गोष्ट वेगळी, तिथे झिर्कोनियमचा मिश्रधातू लागतो.

आता बिघडल्याची गोष्ट. अमेरिकेत साउथ कॅरोलिनात सवाना रिव्हर नावाचं ठिकाण आहे. तिथले इंधनाचे तलाव थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेले. इंधन यायचं आणि पुनर्प्रक्रियेला, म्हणजे त्यातला कामाचा भाग वेगळा काढायला, जायचं. १९९०च्या सुमारास ती प्रक्रिया थांबली आणि इंधन पाण्यातच पडून राहिलं. पाण्याची वाहकता शंभराच्या वर, रेझिनची सफाई अधूनमधून. आवरणांना खड्डे पडले, युरेनियम उघडं पडलं, पाण्यात किरणोत्सारी सीझियम उतरू लागलं. पुढे सफाई अखंड चालू केली, वाहकता खाली आणली, तशी पाण्यात सोडलेल्या धातूच्या नव्या नमुन्यांवर खड्डे पडायचे थांबले. धातू तोच होता बरं का.

१९९६ला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने यावर अनेक देशांची मिळून पाहणी सुरू केली. त्यात ट्रॉम्बेही होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या मांडणीत ओवायच्या, तलावात सोडायच्या, महिन्यांनी वर काढून बघायच्या. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. आडव्या ठेवलेल्या चकत्यांच्या वरच्या अंगाला खड्डे जास्त पडले. कारण? वरून बसणारी धूळ. पाणी नितळ असलं तरी कणाखाली त्याचं स्वतःचं डबकं तयार होतं. जिथे अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेस स्टीलला चिकटून होतं, तिथेही पत्रा खाल्ला गेला. तुमच्या पातेल्याचा तळच का गेला हे आता ओळखलंत ना? बोअरचा गाळ.

तांब्याचं सांगायचं राहिलं. एका कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रे सारख्या फुटत. क्लोराइड बेताचं, आम्लता ठीक. आठवडाभर मी नमुने घेत बसलो. शेवटी एका फिटरने पाइपावर बोट ठेवलं : पाणी यायचं ते तांब्याच्या कॉइलमधून. पाण्यात नखाएवढं तांबं उतरलं तरी ते अ‍ॅल्युमिनियमवर ठिपक्याठिपक्याने बसतं आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पत्रा झिजतो. त्या फिटरला मी अजून दिवाळीला फोन करतो.

नवं पातेलं घेणारच असाल तर बोअरच्या पाण्यासाठी प्लास्टिकचा पिंप घ्या. जर्मलच ठेवायचं असेल तर त्यात नळाचं पाणी भरा, रोज रिकामं करून तळ पुसा, धुण्याच्या सोड्याने घासू नका, सोडा पापुद्राच विरघळवतो. आणि पाणी काढायला तांब्याचा गडू त्यातच सोडून ठेवत असाल, तर तो आधी बाहेर काढा.