घरच्या कॉम्प्युटरवर ‘व्हर्च्युअल मेमरी कमी आहे’ असा संदेश सारखा येतो. रॅम वाढवावी की फॉरमॅट मारावा?

तुम्ही लिहिलंय, सिडकोत घरी विंडोज १० चा कॉम्प्युटर आहे, रॅम ४ जीबी, आणि तीन-चार दिवस वापरला की मेमरी संपत आली आहे, चालू प्रोग्रॅम बंद करा असा संदेश येतो. दुकानदाराने रॅम टाका नाहीतर फॉरमॅट मारा असं सांगितलं. माझं ऐकाल तर आज यातलं काहीच करू नका. आधी मेमरी कोण खातंय ते शोधा. त्याला एक पैसा लागत नाही आणि अर्ध्या तासात होतं.

हे इतकं ठासून सांगतोय कारण आमच्याच घरी हा पैसा वाया गेला आहे. माझी ताई पंचवटीत राहते. दाजी घरूनच चार द्राक्ष बागायतदारांचे हिशेब बघतात. मार्चअखेरीला ऐन कामात हाच संदेश यायला लागला आणि एक्सेलमधली दोन तासांची नोंद सेव्ह न होताच गेली. तेव्हाही दुकानातून रॅम टाका हाच सल्ला मिळाला. ४ ची ८ जीबी केली. पूर्वी संदेश चौथ्या दिवशी यायचा, तो दहाव्या दिवशी यायला लागला, एवढाच फरक. नळ गळतोय आणि आपण खाली मोठी बादली ठेवली, तसं झालं ते.

व्हर्च्युअल मेमरी म्हणजे काय ते एकदा नीट लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे. लग्नाच्या कार्यालयात पंगतीला १०० पानं बसतात आणि बाहेर मंडपात २०० खुर्च्या आहेत असं समजा. पंगत म्हणजे रॅम. मंडपातल्या खुर्च्या म्हणजे पेजफाईल, रॅमच्या जोडीला विंडोज डिस्कवर ठेवतं ती राखीव फाईल. दोन्ही मिळून ३०० जागा, तीच आपली व्हर्च्युअल मेमरी. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज त्याला जागेचा शब्द देतं, मग ती जागा त्याने अजून वापरलेली असो वा नसो. असा ३०० जणांना शब्द दिला की पुढच्याला नाहीच म्हणावं लागतं, भले त्या घडीला पंगतीत वीस पानं रिकामी असोत. म्हणूनच रॅम अजून शिल्लक दिसते आणि तरी मेमरी संपल्याचा संदेश येतो. संपलेली असते ती शब्द देण्याची मर्यादा.

ही मर्यादा डोळ्यांनी बघता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि ‘कमिटेड’ शब्दाखालचे दोन आकडे बघा. ५.६/६.० असं काही दिसलं तर पहिला आकडा दिलेल्या शब्दांचा, दुसरा मर्यादेचा. कॉम्प्युटर नुकताच रिस्टार्ट केल्यावर हे आकडे लिहून ठेवा, मग रोज रात्री एकदा लिहा. तेच काम करूनही पहिला आकडा दिवसागणिक चढत गेला तर कुठला तरी प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत देत नाहीये. हीच ती गळती.

तो प्रोग्रॅम ओळखायला टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जा. तिथे आधीपासून दिसणारा मेमरीचा रकाना फक्त रॅममधला वापर दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका. रकान्याच्या नावावर उजवं क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘कमिट साईझ’ घ्या आणि त्यावर क्लिक करून मोठे आकडे वर आणा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात विंडोजनेच नावं लिहून ठेवलेली असतात. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा, उजवीकडच्या फिल्टरमध्ये २००४ हा क्रमांक टाका. मेमरी संपत आल्याचं विंडोजच्या लक्षात आलं की ही नोंद होते आणि तेव्हा सर्वात जास्त खाणाऱ्या प्रोग्रॅमची नावं, किती बाइट खाल्ले त्यासकट, तिथे मिळतात. दाजींच्या कॉम्प्युटरवर पहिलंच नाव प्रिंटरसोबत आलेल्या, शाई किती उरली ते तपासणाऱ्या सर्व्हिसचं, म्हणजे न दिसता मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमचं होतं. ५०० कोटी बाइटच्या वर, म्हणजे जवळपास ५ जीबी. दिवसाला चार पानं छापणाऱ्या प्रिंटरसाठी! ते सॉफ्टवेअर काढून टाकलं, छपाईला लागतो तो नुसता ड्रायव्हर ठेवला. छपाई आजही व्यवस्थित होते आणि संदेश पुन्हा आलेला नाही.

यात एक गोष्ट मला बरेच दिवस चकवत होती. दाजी रोज रात्री कॉम्प्युटर शटडाऊन करायचे, मग गळती दहा दिवस साठत कशी गेली? कारण फास्ट स्टार्टअप. ही सोय चालू असेल तर शटडाऊन करताना विंडोज तुमचे उघडे प्रोग्रॅम बंद करतं, पण स्वतःचा गाभा, ड्रायव्हर आणि मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस आहेत त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तेच परत उचलतं. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. तेव्हा मूळ दोष सापडेपर्यंत दोन दिवसांनी एकदा रिस्टार्ट करा. नुसतं शटडाऊन पुरत नाही.

आता पेजफाईल. स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, परफॉर्मन्सची सेटिंग्ज, त्यातला ॲडव्हान्स्ड टॅब, व्हर्च्युअल मेमरी, चेंज. सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’च्या चौकोनात टिक हवी. दाजींच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी ती काढून २ जीबीचा आकडा पक्का करून ठेवला होता. रॅमच्या दीडपट ठेवा हा नियम जुन्या काळचा आहे, तो विसरा. टिक असली की विंडोज गरजेप्रमाणे पेजफाईल वाढवतं, साधारण रॅमच्या तिपटीपर्यंत, पण त्या ड्राइव्हच्या एकूण आकाराच्या आठव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. तुमची ४ जीबी रॅम आणि समजा १२० जीबीचा सी ड्राइव्ह, तर १२ जीबीपर्यंत वाढायला वाव आहे. पण सी ड्राइव्हवर रिकामी जागाच २ जीबी उरली असेल तर वाढणार कुठे? लग्नाचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फायली, डाउनलोड्सचा फोल्डर, सगळं डी ड्राइव्हवर हलवा आणि सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून टेम्पररी फायली पुसा. घरच्या कॉम्प्युटरवर गळतीइतकंच हेही कारण नेहमी सापडतं.

पेजफाईल बंद केल्याने कॉम्प्युटर पळतो असं कुणी सांगितलं तर करू नका. मर्यादा आणखी खाली येईल. रॅम मोकळी करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरंही नकोत, ती पंगतीतल्या माणसांना उठवून मंडपात बसवतात, दिलेले शब्द तेवढेच राहतात. एकदा व्हायरस स्कॅन मात्र जरूर करा.

एवढं करूनही, कुठेही गळती नसताना, तुमच्या रोजच्या कामातच कमिटेड ७-८ जीबी दिसत असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर रॅम खरंच कमी आहे. तेव्हा ८ जीबी करा, पैसे सत्कारणी लागतील. त्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम टाईप बघा. ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम विंडोज १० वापरूच शकत नाही. शिवाय विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, तेव्हा जुन्या मशीनवर किती खर्च करायचा ते घरात बोलून ठरवा.

रिकामा स्लॉट आहे का तेही टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे दिसतं. आणि एम.जी. रोडला रॅम घ्यायला जाल तेव्हा जुनी पट्टी काढून सोबत न्या. तिच्या लेबलवर पीसी३, पीसी३एल की पीसी४ लिहिलंय ते दुकानदाराला दाखवा. पीसी३ आणि पीसी४ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकाच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.