हात मागे ठेव

तुझ्या आवारातल्या क्रौंचाच्या जोडीचं धाकटं पिल्लू गेलं, त्यावरचं तुझं पत्र लांबलचक आहे, पण त्यात प्रश्न एकच आहे आणि तो तू अगदी शेवटी, निरोपाच्या आधीच्या ओळीत ढकलला आहेस. ‘मी त्याला दुसऱ्या दिवशीच उचललं असतं तर ते वाचलं असतं ना?’

बहुतेक वाचलं असतं. थोरलं पिल्लू त्याला टोचत होतं, आईने चोचीत धरून पुढे केलेला किडा दर वेळी थोरलंच पळवत होतं, हे सगळं तू आडोशाच्या फटीतून पाहिलंस. उबेची पेटी तयार होती, खाणं तयार होतं. आठवड्याभरात तू त्याला टुणटुणीत करून दाखवलं असतंस, याबद्दल मला शंका नाही. वरिष्ठांनी आत जाऊ दिलं नाही म्हणून तू चिडली आहेस. त्यांच्या जागी मी असतो तर मीही जाऊ दिलं नसतं.

हात मागे ठेव. इतक्या वर्षांत मी या कामात एवढंच शिकलो, आणि या पत्रात तुला ते पुन्हा पुन्हा ऐकावं लागणार आहे.

क्रौंचाची मादी सहसा दोन अंडी घालते आणि रानात त्यातलं बहुधा एकच पिल्लू उडण्याच्या वयापर्यंत पोचतं. व्हूपिंग क्रेन म्हणजे उत्तर अमेरिकेतला पांढरा क्रौंच; 1941 साली जगात ते 25 सुद्धा उरले नव्हते. पुढे 1967 पासून कॅनडातल्या वुड बफेलोच्या दलदलीत जाऊन घरट्यातल्या दोनपैकी एक अंडं उचलून आणलं जाऊ लागलं आणि त्यातून पिंजऱ्यातला कळप उभा राहिला. त्या माणसांनी काय उचललं ते नीट बघ. अंडं उचललं. तुमच्याकडेही हात घालायची वेळ होती ती पिल्लं फुटायच्या आधी. दुसरं अंडं काढून दुसऱ्या उबवत्या जोडीखाली सरकवता आलं असतं. हे पुढच्या खेपेला विणीच्या आधीच ठरवा, आणि तोंडी नको, कागदावर. शेवटचे दोन-तीन दिवस तर अंड्यातलं पिल्लूही आवाज ऐकतं, म्हणून तेव्हा उबवणी यंत्राजवळ कुजबुजसुद्धा नको. बाहेर आल्यावर पहिल्या काही दिवसांत जे हलतंय, भरवतंय, आवाज देतंय, त्यालाच ते आपलं मानतं. तो ठसा पुसता येत नाही.

वॉलनट या पांढऱ्या मानेच्या क्रौंच मादीमुळे तू या कामात आलीस असं लिहिलंस. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या केंद्रातल्या कीपरने तिच्यासाठी जे केलं त्याबद्दल मला आदर आहे. तिचे आईबाप रानातून पकडलेले, त्यामुळे तिचा वंश कळपाला हवाच होता. पण तिला नर नको होता, माणूस हवा होता. तो कीपर वर्षानुवर्षं तिच्यापुढे हात पसरून नाचला, तिने त्याला जोडीदार मानलं, म्हणूनच तिला न पकडता कृत्रिम रेतन करता आलं आणि पिल्लं मिळाली. 2024 च्या जानेवारीत, 42 व्या वर्षी ती गेली. तुला त्यात प्रेम दिसलं. मला त्यात फार पूर्वी कुणीतरी तिचे केलेले लाड दिसतात, ज्यांची किंमत तिने जन्मभर मोजली. टेक्सचंही तेच झालं. माणसांत वाढलेली ती व्हूपिंग क्रेन नराकडे ढुंकून बघत नव्हती. क्रौंचांचे अभ्यासक जॉर्ज आर्चिबाल्ड यांनी 1976 पासून विणीचे हंगामच्या हंगाम तिच्याबरोबर नाचत काढले, तेव्हा 1982 साली एक पिल्लू हाती लागलं. एक! त्या माणसाच्या चिकाटीपुढे मी मान झुकवतो. पण अशा चिकाटीची गरज पडेल असा पक्षी आपल्या हातून तयार होऊ नये, याचसाठी आपण पगार घेतो.

आणि हे फक्त माणसाच्या हातापुरतं नाही. आयडाहोतल्या ग्रेज लेकला 1975 पासून व्हूपिंग क्रेनची अंडी सँडहिल क्रेन या दुसऱ्या जातीच्या क्रौंचांच्या घरट्यांत ठेवली गेली. पिल्लं जगली, वाढली, पालकांमागे स्थलांतरही शिकली. आकडे बघणाऱ्याला वाटलं असेल, जमलं. पण मोठी झाल्यावर त्यांनी आपल्या जातीशी जोडीच जमवली नाही. पुढे विस्कॉन्सिनहून फ्लोरिडापर्यंत छोट्या विमानामागे पिल्लं उडवत नेली, 2001 ते 2015. माणसाचा आकार लपवणारा पोशाख घातलेली, तोंड झाकलेली, मुकी माणसं. किती जिवापाड काम केलं त्यांनी! पक्षी रस्ता शिकले, जोड्या जमल्या, अंडीही झाली. पिल्लं मात्र फारशी तगली नाहीत. विस्कॉन्सिनमधल्या नेसिडाच्या काळ्या माश्यांनी घरटी सोडायला लावली, तो वाटा मोठा होता. पण ज्याला आईबापाने वाढवलं नाही त्याला आईबाप होणं कुठून येणार, ही शंका तेव्हापासून कुणाला टाळता आलेली नाही. म्हणून आता शक्य तिथे पिल्लं पालकांकडेच ठेवतात. तुझ्या वरिष्ठांनी तेच केलं. त्यात निर्दयपणा कुठे आला?

‘आपण वाचवायला आहोत की बघायला?’ हे तुझं वाक्य मला लागलं. बघणं हे काम नाही असं तुला वाटतं का? कोण किती वेळ बसलं, अदलाबदल कधी झाली, नराने पिल्लाला किती वेळा भरवलं, दोघांनी मिळून हाक कधी दिली, हाक अर्धवट तुटली का, या नोंदी तू ठेवल्यास का? तुझ्या पत्रात तुझ्या रडण्याची वेळ आहे, नराच्या पाळीची नाही. हे कठोर वाटेल. वाटू दे.

आता माझं सांगतो, म्हणजे हा माणूस दुरून बोलतो असं तुला वाटायला नको.

माझ्या देखरेखीखाली एक जोडी होती. वर्षानुवर्षं अंडी फोडायची. आम्ही लाकडी अंडी ठेवून त्यांना बसायची सवय लावली, आणि शेवटी एका हंगामात त्यांनी खरं अंडं पुरतं उबवलं. पिल्लू झालं. चौथ्या रात्री पाऊस झोडपू लागला आणि मादी त्याला पंखाखाली घ्यायला उठेना. मी आडोशात होतो. दार माझ्या हाताशी होतं. मी गेलो नाही. उजाडायच्या सुमाराला नर उठून पिल्लाजवळ गेला आणि त्याच्यावर बसला. तोवर उशीर झाला होता. पुढच्या हंगामाआधी मादी आजारी पडून गेली, म्हणजे त्या जोडीचं तेवढंच पिल्लू. सहकारी अजून ते बोलून दाखवतात. मी त्यांना एकच सांगतो: तो नर उठला. कधीच काही न शिकलेला पक्षी आपणहून उठला, ते मी आत घुसलो असतो तर दिसलं नसतं आणि घडलंही नसतं. मला त्या पिल्लाची खंत आहे. निर्णयाची नाही. दोन्ही एकत्र बाळगता येतात.

याच हट्टापायी माझा एक मित्रही तुटला. पोशाखात असताना तो पिल्लांशी बोलायचा, हळूच, लाडाने. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मी तक्रार केली आणि त्याची बदली झाली. फार चांगला कीपर होता, अंडं उजेडासमोर धरून त्यातला जीव ओळखण्यात त्याच्या तोडीचा मी कुणी पाहिला नाही. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं ते कायमचं. त्याच्या जागी आज तू असशील तर तुझीही तक्रार करीन. हात मागे ठेवायचा तर आवाजही मागे ठेवावा लागतो.

नोकरी सोडू का, असं विचारतेस. मला विचारू नकोस. पिल्लाने आपल्याला ओळखावं ही भूक जर जात नसेल, तर पाळीव प्राण्यांमध्ये तुझ्यासारख्या मायाळू माणसाला भरपूर काम आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. इथे मात्र तुला पाहून पक्षी लांब पळाला, तर तू काम नीट केलंस असा अर्थ घ्यायचा. भरतपूरला 2002 नंतर सायबेरियन क्रौंच आला नाही. त्याआधी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी तिथे सोडूनही पाहिले होते, पण तो रस्ता पुढे चालला नाही. स्थलांतराचा रस्ता दाखवणारे जाणते पक्षी एकदा संपले की आपण कितीही माया लावून ते परत येत नाहीत. तुझ्या आवारातल्या त्या अडाणी जोडीला आईबाप होऊ देणं किती मोठं आहे हे तुला कळत नसेल, असं मला वाटत नाही. तू फक्त दमली आहेस.

आता ज्यावर मला खरा राग आला ते. गेलेल्या पिल्लावर तू तीन पानं लिहिलीस आणि थोरल्याबद्दल एक ओळ: ‘ते जोरात वाढतंय, उजव्या पायाचं मधलं बोट जरा वाकडं पडतं.’ जरा? दोघांच्या वाट्याचं ते एकटं खातंय. वजन भराभर वाढलं की पाय तो भार पेलत नाहीत, बाहेर वळतात, आणि पाय गेला की क्रौंच गेला. इथे हात घालायचा. आजच पशुवैद्याला बोलाव. दोघांनी जा, डोळ्यांवर चष्मा लावा, नर थेट तोंडावर येतो; एकाने झाडू आडवा धरून त्याला थोपवायचं, दुसऱ्याने पिल्लू उचलायचं. पोशाख चढवून, चेहरा झाकून, एक शब्द न बोलता. वजन करा, बोटाला छोटी पट्टी लावून चिकटपट्टीने सरळ बांधा, आणि लगेच आईपाशी सोडा. या वयात हाडं इतक्या झपाट्याने वाढतात की दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. उशीर केलास तर तितक्याच झपाट्याने बिघडतं. प्रथिनांचं खाणं कमी करायचं का ते वैद्याला विचार. भांडं आवाराच्या दुसऱ्या टोकाला ठेव, म्हणजे आईबापाबरोबर त्यालाही दिवसभर चालावं लागेल. आणि कुंपण दुरुस्त करणारे नुकतेच येऊन गेले असं लिहिलंयस, तर आत जाशील तेव्हा लोहचुंबक फिरवून घे. तारेचा चकाकता तुकडा दिसला की क्रौंच गिळतोच.

रोज सकाळी वजन, त्याच वेळी, खाण्याआधी. आठवड्याचे आकडे मला पाठव, नराच्या पाळीच्या नोंदींसकट.