ई-स्पोर्ट्स: 'खेळ' म्हणावं की 'क्रीडा'?

प्रश्न असा आला आहे: 'ई-स्पोर्ट्स'ला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, कुणी 'ई-क्रीडा' लिहितं, कुणी 'ई-खेळ', तर कुणी सरळ 'गेमिंग'. यातलं बरोबर कोणतं? आणि १९७२ साली झालेल्या स्पर्धेला 'पहिली ई-स्पोर्ट्स स्पर्धा' म्हणणं योग्य आहे का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

१९ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत 'स्पेसवॉर' या गेमची स्पर्धा झाली. खेळणारे संगणकात बुडालेले लोक, आणि बक्षीस काय, तर 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाची वर्षभराची वर्गणी. नाव मात्र दणदणीत: 'इंटरगॅलॅक्टिक स्पेसवॉर ऑलिंपिक्स'. सगळ्या आकाशगंगांचं ऑलिंपिक, तेही एका प्रयोगशाळेत! ही थट्टाच होती. पण थट्टा करतानाही उसना घेतला तो मैदानी खेळांचाच शब्द. 'ई-स्पोर्ट्स' हा शब्द मात्र तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. त्यामुळे १९७२ बद्दल लिहिताना 'व्हिडिओ गेमची स्पर्धा' एवढंच लिहावं. तिथे 'ई-स्पोर्ट्स' घुसडणं म्हणजे इतिहासाला नंतरचे कपडे घालणं.

अशी उसनवारी पुढेही चालूच राहिली. १९८० साली अटारी कंपनीने 'स्पेस इनव्हेडर्स' या गेमची अमेरिकाभर स्पर्धा घेतली. दहा हजारांहून जास्त लोक उतरले आणि रिबेका हाइनमन जिंकल्या. त्या स्पर्धेचं नाव 'चॅम्पियनशिप'. १९९० साली निन्टेन्डो या गेम कंपनीने तर 'वर्ल्ड चॅम्पियनशिप्स' भरवली, पण ती फिरली अमेरिकेतल्याच शहरांमधून. अनुवादकांनी इथे जपून राहावं. 'निन्टेन्डोची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा' असं छापलं की वाचणाऱ्याला वाटतं, देशोदेशीचे संघ आले होते. नाव आहे तसं ठेवावं आणि पुढे 'अमेरिकेपुरती' हा शब्द जोडावा.

१९८० आणि १९९० च्या या स्पर्धांमध्ये माणूस यंत्राशी खेळे आणि गुण कुणाचे जास्त ते पाहिलं जाई. माणूस माणसाशी भिडणं, तेही नेटवर्कवरून, हे १९९०च्या दशकात रुळलं. १९९७ साली 'क्वेक'च्या स्पर्धेत डेनिस फाँग, खेळातलं नाव 'थ्रेश', याने त्या गेमच्या निर्मात्यांपैकी जॉन कारमॅक यांची फेरारी गाडी जिंकली. वर्षभराच्या वर्गणीपासून फेरारीपर्यंत पंचवीस वर्षं! खेळ खेळ राहिला नव्हता, हे सांगायला एवढं पुरे.

शब्द जन्मला तो याच सुमारास. 'ई-मेल', 'ई-कॉमर्स' यांतला 'ई' तेव्हा जिथे तिथे चिकटवला जात होता, तोच इथेही आला. १९९९ साली ब्रिटनमध्ये ऑनलाइन खेळणाऱ्यांची एक संघटना सुरू झाली, तेव्हाच्या निवेदनात तो भेटतो. पण त्याला बस्तान बसवून दिलं ते दक्षिण कोरियाने. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे वेगवान इंटरनेटचं जाळं पसरलं. तासावर संगणक देणारी 'पीसी बांग' नावाची केंद्रं गल्लोगल्ली निघाली, १९९८ साली 'स्टारक्राफ्ट' हा गेम आला आणि त्याचे सामने टीव्हीवर दिसू लागले. २००० साली तिथे खेळाडूंची आणि संघांची व्यवस्था पाहणारी संघटना स्थापन झाली. तेव्हाचे संस्कृतिमंत्री पार्क जी-वॉन यांनी त्या समारंभात 'ई-स्पोर्ट्स' शब्द वापरला, आणि तो सरकारदरबारी गेला. त्याच वर्षी योंगिनला 'वर्ल्ड सायबर गेम्स'ची चाचणी झाली, २००१ साली सोलला पहिली खरी स्पर्धा. देशोदेशी पात्रता फेऱ्या, देशाच्या नावाने उतरलेले खेळाडू: सगळी मांडणी ऑलिंपिकची. १९७२ ची थट्टा इथे गंभीरपणे घेतली गेली, असं मी म्हणेन.

हा शब्द काम काय करतो, ते आता पाहा. त्यातला 'स्पोर्ट्स' वर्णन करत नाही, तो हक्क मागतो. आम्हालाही खेळाडू म्हणा, असा तो अर्ज आहे. आणि अर्ज मंजूर झाला की प्रत्यक्ष फरक पडतो. २००३ साली चीनच्या क्रीडा प्रशासनाने याला ९९ वा क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. २०१३ साली अमेरिकेने 'लीग ऑफ लेजंड्स'च्या एका कॅनेडियन खेळाडूला व्यावसायिक क्रीडापटूंचा व्हिसा दिला. चीनमधल्या हांगझौच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ साली, याच गेममध्ये दक्षिण कोरियाने सुवर्णपदक जिंकलं आणि संघातल्या खेळाडूंना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. त्यात 'फेकर' या नावाने जगभर माहीत असलेला ली सांग-ह्योकही होता. एका शब्दाने दीड वर्षाची लष्करी नोकरी वाचते म्हटल्यावर त्याच्यावरून भांडणं होणारच.

चिनी भाषेने मात्र शहाणपणा केला. क्रीडेसाठी तिथे 'तियू' शब्द आहे आणि त्यात 'शरीर' आहे. त्यांनी तो टाळून 'द्यान्झ जिंगजी' घेतला, म्हणजे साधारण 'इलेक्ट्रॉनिक कौशल्यस्पर्धा'. शरीर आहे की नाही, हा वादच नको.

आता मराठी. आपल्या 'खेळा'च्या पोटात फार माणसं राहतात: कबड्डी, सारीपाट, बाहुल्यांचा खेळ, सिनेमाचा रात्री नऊचा खेळ. इंग्रजीत गेम आणि स्पोर्ट यांत जो भेद आहे, तो 'खेळ' शब्द पुसून टाकतो. त्यामुळे 'ई-खेळ' म्हटलं की मोबाइलवर फुगे फोडत बसलेलं पोरही त्यात आलं. म्हणजे ज्या फरकासाठी मूळ शब्द जन्मला, तोच गेला.

'क्रीडा'ची गंमत वेगळी. जलक्रीडा, प्रणयक्रीडा यांत ती निव्वळ मौज आहे, पण क्रीडामंत्री आणि क्रीडासंकुल यांनी तिला गणवेश चढवला. आज 'क्रीडा' म्हटलं की नियम, संघटना, पदकं आलीच. म्हणून 'ई-क्रीडा' हे भाषांतर नेमकं आहे, मूळ शब्दातला अर्जही त्यात उतरतो. सरकारी कागदात, स्पर्धेच्या नियमावलीत ते शोभेल. रोजच्या लिहिण्यात मी 'ई-स्पोर्ट्स'च लिहितो, कारण खेळणारे तेच म्हणतात. 'ई' दीर्घ लिहावी, मी-तू-ही यांसारखी, सुटी आणि संयोगचिन्हासह. इंग्रजीत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१७ साली ते चिन्ह काढून टाकलं, पण देवनागरीत 'ईस्पोर्ट्स' डोळ्यांना अडखळतं.

'गेमिंग' हा पर्याय नव्हेच. एकट्याने निवांत खेळणंही गेमिंग. शिवाय मराठीत 'गेम'चं एक वेगळंच प्रकरण आहे. 'अंतिम फेरीत त्याने प्रतिस्पर्ध्याचा गेम केला' असं छापलंत तर बातमी गुन्हेगारीच्या पानावर जाईल.

जाता जाता एक विनंती. 'मॅच' आणि 'गेम' यांचा घोळ आपल्याकडे सहज सुटतो, कारण आपल्याला 'डाव' आहे. २०११ साली जर्मनीत कोलोनला 'डोटा २' या गेमची पहिली 'द इंटरनॅशनल' स्पर्धा झाली. अंतिम सामना पाच डावांपैकी तीन जिंकणाऱ्याचा होता. युक्रेनच्या नाव्ही संघाने चीनच्या ईहोमला ३-१ ने हरवलं आणि दहा लाख डॉलर नेले. म्हणजे सामना एक, डाव चार. 'चार मॅच झाल्या' लिहिलं की अर्थ बिघडला. संघातल्या पाच जणांना 'टीममेट' कशाला, 'भिडू' आहे ना. 'ई-स्पोर्ट्सपटू' मात्र नको, जीभ वळत नाही. नुसतं 'खेळाडू' लिहा.