वकीलताईंना विचारा

प्रश्न : आमच्या चाळीत पोटमाळ्यावर जरीकामाचा गाळा आहे. बिहारकडची दहा-बारा वर्षांची मुलं तिथंच काम करतात, तिथंच झोपतात. मालक म्हणतो, भाचे आहेत. तक्रार केली तर बिचारी जातील कुठं?
– एक वाचक, गोवंडी

उत्तर : एवढे भाचे एकाच मामाला? असो. खरेच भाचे असले तरी 14 वर्षांखालच्या मुलांना जरीकामाला बसवता येत नाही. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगायची सक्ती नाही. मालकाला मात्र आधी हटकू नका, रातोरात गाळा रिकामा होतो.

सुटकेनंतर 24 तासांत मुलांना बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, मग बालगृह. तिथं पहिल्या दिवशी मुलं तोंड उघडत नाहीत. ‘वय अठरा’ एवढंच पढवलेलं असतं. अड्ड्यावर, म्हणजे जरीकामाच्या लाकडी चौकटीपाशी, उकिडवं बसून आखडलेले गुडघे आणि सुईनं टोचलेली बोटं काय ते सांगतात.

घाईनं गाडीत बसवून गावी धाडणं मला अजिबात पटत नाही. बापानं दलालाकडून उचल घेतलेली असते, मुलगा पुन्हा तिथंच पोचतो. उचलीपोटी राबवणं ही वेठबिगारीच, म्हणून मुक्तता प्रमाणपत्र, म्हणजे त्यातून सुटल्याचा सरकारी दाखला, मागायचंच. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं ती उचल फेडायची जबाबदारीच संपते. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत 30 हजारांपर्यंत आहे. मुलांच्या पुनर्वसनाचे दोन लाख मात्र मालकाला शिक्षा लागल्यावर, म्हणजे खटला रेंगाळला की तेही रेंगाळले.

तेव्हा फोन आजच करा.