फोर्क दोन स्ट्राइकपर्यंत राखून ठेवा

प्रश्न : मी ‘एमएलबी द शो’ या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये न्यूयॉर्क मेट्स घेऊन फ्रँचायझी (संघ हंगामभर चालवायचा प्रकार) खेळतो. पिचिंग (चेंडू टाकणं) पिनपॉइंटवर, म्हणजे स्टिकने रेघ ओढून. व्हेटरन पातळीवर समोरच्याला एक रन मिळत नाही, मजाच येत नाही. त्याहून अवघड ऑल-स्टारवर गेलो की मेट्सचा पिचर कोडाई सेंगाचा तो नावाजलेला ‘घोस्ट फोर्क’ (शेवटी खाली पडणारा चेंडू) सुद्धा थेट प्रेक्षकांत जाऊन पडतो. पातळी उतरवू की सेटिंगमधले स्लायडर (खेळ सोपा-अवघड करणारे आकडे) हलवू?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आधी दोन्हीला हात लावू नका. सेंगाने २०२३ मध्ये, मेजर लीगमधल्या पहिल्याच हंगामात, २०२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) काढले. त्यात या फोर्कचा वाटा फार मोठा. पण तो झोनमध्ये (बॅटरसमोरच्या स्ट्राइकच्या चौकटीत) टाकायचा पिच नव्हेच. त्याचा फास्टबॉल ताशी ९५ मैलांच्या मागेपुढे, फोर्क त्याहून दहा-बारा मैलांनी मंद. हातातून सुटताना दोन्ही सारखे दिसतात आणि प्लेटजवळ (बॅटर उभा असतो तिथे) येता येता फोर्क खाली बसतो. क्रिकेटमधला स्लोअर बॉल जसा आधीच्या वेगावर जगतो, तसंच हे. प्रेक्षकांत जाणारा फोर्क म्हणजे गुडघ्याच्या वर राहिलेला फोर्क. तो नुसताच हळू आलेला चेंडू.

म्हणून मी सेंगाकडून सुरुवात कटरने (शेवटी किंचित बाजूला सरकणारा वेगवान पिच) करते, बाहेरच्या कडेवर. मग फास्टबॉल, छातीच्या उंचीला. पंचांनी तो झोनबाहेरचा, म्हणजे ‘बॉल’ ठरवला तरी चालेल. बॅटरची नजर वर गेली, आपलं काम झालं. दोन स्ट्राइक झाल्यावर फोर्क काढायचा आणि पडद्यावरची नेमाची खूण झोनच्या खालच्या रेषेच्याही खाली ठेवायची. खूण दाखवते ती चेंडू जिथे पोहोचणार ती जागा, निघतो ती नव्हे. त्यामुळे रेषेवर खूण ठेवून ‘पुढे पडेलच खाली’ असं म्हणण्यात अर्थ नाही. तिसऱ्या बेसवर रनर असेल तर मात्र जरा जपून, कॅचरच्या हातून निसटला की रन गेलाच.

दुसरं, पिनपॉइंटमध्ये खुणेभोवती दिसणारं वर्तुळ बघत चला. पिचर दमला की ते मोठं होतं, मग तुमची रेघ कितीही सुबक येवो. फलंदाजीचा क्रम तिसऱ्यांदा फिरून येईपर्यंत बुलपेनमध्ये (राखीव पिचर जिथे सराव करतात) कोणीतरी तयार हवा. खऱ्या मैदानावरही पिचरला तिसऱ्या फेरीतच जास्त मार बसतो. दमलेल्या सेंगाला सहाव्या इनिंगमध्ये ओढत नेणं मला तरी बघवत नाही.

एवढं करूनही भागलं नाही, तर सेटिंगमध्ये जा. पिचिंग आणि हिटिंगची पातळी वेगवेगळी ठेवता येते, हे बरेच जण विसरतात. हिटिंग जिथे आहे तिथे राहू द्या, पिचिंग डायनॅमिकवर टाका. तुमच्या कामगिरीप्रमाणे खेळ स्वतःच पातळी वर-खाली करतो. स्लायडर सर्वांत शेवटी. सीपीयूचा (संगणकाच्या संघाचा) कॉन्टॅक्ट, म्हणजे चेंडू बॅटला लागण्याचं प्रमाण, ५ वरून ४ वर आणा आणि काही सामने खेळून बघा. एका वेळी एकच स्लायडर, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. ऑनलाइन रँक्ड सामन्यांत हे स्लायडर लागू होत नाहीत, तेव्हा पुढेमागे तिकडे खेळायचा विचार असेल तर पिचचा क्रमच घोटवलेला बरा.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला पिनपॉइंट जमत नाही, रडकुंडीला येते. काय करू?
– एक आई, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : पिनपॉइंट बाजूला ठेवा. तिला पल्स ही सोपी पद्धत द्या : वर्तुळ लहान-मोठं होत राहतं, ते अगदी लहान झालं की बटण दाबायचं, बस्स. ते हातात बसलं की मीटर, म्हणजे सरकत्या पट्टीवर वेळेत बटण दाबायची पद्धत. आणि पिच कोणता टाकायचा, कुठे टाकायचा, हे मात्र पहिल्या दिवसापासून तिलाच ठरवू द्या, शेजारी बसून सांगू नका.